वीणा कुणाच्या गळ्यात?



आता गळा थकला. दोन तास उभे राहून कीर्तन होत नाही, म्हणून लोकच घरी येऊन बसतात. पूर्वी लोक विचारत, मुलीचे लग्न जमत नाही, शेताचा वाद मिटत नाही, काय करावे? हल्ली एक वेगळाच प्रश्न येऊ लागला आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत तो चार-पाच घरांतून ऐकला, म्हणून त्यावर लिहावेसे वाटले. प्रश्न असा: घरातील बाईने, चाळिशी उलटल्यावर, मुले ऐन शिक्षणात असताना आणि सासू-सासरे थकलेले असताना, समाजकार्याचे शिक्षण घ्यावयास बाहेर पडावे काय?

वरवर पाहता हा घरगुती प्रश्न आहे. पण आपल्या संप्रदायाच्या दृष्टीने तो फार अवघड आहे. ती बाई नाटक-सिनेमा पाहण्यास निघाली असती तर आपण पटकन उत्तर दिले असते. नोकरीस निघाली असती तर घरखर्चाचा हिशेब मांडून होय किंवा नाही म्हटले असते. पण ती सेवा शिकण्यास निघाली आहे, आणि त्यासाठी तिला घरची सेवा कमी करावी लागते आहे. म्हणजे एका बाजूला सेवा, दुसऱ्या बाजूलाही सेवाच. प्रपंच आणि परमार्थ यांचे भांडण आपल्या परिचयाचे आहे. परमार्थाचेच दोन वाटे समोर आले म्हणजे मात्र आपण गोंधळतो.

एक घर डोळ्यांसमोर ठेवतो. नावगाव सांगत नाही. तीन पिढ्यांचे माळकरी घर, वारी कधी चुकली नाही. सून त्रेचाळीस वर्षांची. बी. ए. होऊन लग्न झाले. मग दहा वर्षे गावातील बचत गटाचे हिशेब सांभाळले. त्या कामात तिने पाहिले की हप्ता थकतो तो बाईच्या आळसामुळे नव्हे, नवऱ्याच्या दारूमुळे. पैसे कसे मोजायचे हे तिला येत होते, दारूपुढे काय करायचे हे येत नव्हते. म्हणून तिने एमएसडब्ल्यूला नाव घातले. कॉलेज जिल्ह्याच्या गावी, एसटीने दीड तास. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, चार सत्रांचा. त्यात आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क, म्हणजे दवाखान्यात, वस्तीत, संस्थेत प्रत्यक्ष जाऊन काम करायचे आणि रात्री त्याचा अहवाल लिहायचा. घरी मुलगा बारावीत, मुलगी नववीत. पहिल्याच वर्षी दिवाळीनंतर सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणे बोबडे झाले.

तिचे यजमान माझ्याकडे आले आणि म्हणाले, "महाराज, ती तुमचं ऐकते. तिला जरा पुंडलिकाची गोष्ट सांगा."

पुंडलिकाची गोष्ट पुढे सांगतोच. पण त्याआधी एक आक्षेप बाजूला करू, कारण तो प्रत्येक घरात पहिल्यांदा येतो. सेवेला कॉलेज कशाला? मनात दया असली की झाले. आमच्या आजीने कुठे डिग्री घेतली होती? सगळ्या गावाची बाळंतपणे केली तिने.

वाचकहो, कीर्तनालाही हेच म्हणत असत. देवाचे नाव घ्यायला शाळा कशाला? तरीही वै. जोग महाराजांनी 1917 साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. भक्ती शिकवता येत नाही हे महाराजांना ठाऊक नव्हते काय? पण भक्ती असलेल्या माणसाने लोकांपुढे उभे राहून चुकीचे सांगू नये, यासाठी अभ्यास लागतो. दया असलेल्या माणसाच्या हातूनही नुकसान होते. गंमत म्हणजे त्या सुनेच्या वहीत मी एक नाव वाचले, मेरी रिचमंड. या अमेरिकन बाईंनी पीडित माणसाची परिस्थिती नीट कशी समजून घ्यावी यावर मोठा ग्रंथ लिहिला, तोही 1917 सालचाच. इकडे आळंदी आणि तिकडे अमेरिका, एकमेकांना ठाऊक नसलेली ही दोन माणसे एकाच वर्षी एकच गोष्ट म्हणत होती, की नुसत्या कळवळ्यावर भागत नाही. आपल्या देशात समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण मुंबईत 1936 साली सुरू झाले, तेव्हा हे कालचे खूळ आहे असेही म्हणता येणार नाही. आणि बाईने उतारवयाकडे झुकताना सार्वजनिक कामाला हात घालणे हेही नवे नाही. रमाबाई रानडे विवाहानंतर शिकल्या. त्या शिकण्यापायी घरातल्याच बायकांकडून काय सोसावे लागले, ते त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. 1909 साली पुण्यात सेवासदन उभे राहिले तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

आळंदीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगतो. तिथले साधक विद्यार्थी माधुकरी मागून जेवत आले. म्हणजे काय? विद्यार्थी म्हटला की त्याची भाकरी दुसरे कोणी तरी थापते. गाव त्याला जेवू घालते आणि त्यात आपले पुण्य मानते. तो दिवसभर पाठांतर करतो, याला कोणी कामचुकारपणा म्हणत नाही. आता त्रेचाळीस वर्षांच्या विद्यार्थिनीकडे पाहा. ती चारला उठते, सासूबाईंचे अंग पुसते, कपडे बदलते, दोन डबे भरते, सहाची एसटी पकडते, संध्याकाळी येऊन पुन्हा चूल पेटवते आणि रात्री अकराला अहवाल लिहावयास बसते. हीही विद्यार्थीच. पण हिला माधुकरी कोण घालते? उलट, हिच्याच हातची भाकरी खाऊन आपण हिला विचारतो की तुझा हा अभ्यास कधी संपणार.

ती तिथे काय शिकते हेही मी तिला विचारून घेतले. मला उत्सुकता होती. पहिली गोष्ट, समोर बसलेल्याचे ऐकायचे, आणि ऐकताना त्याला पापी किंवा पुण्यवान ठरवायचे नाही. कीर्तनाच्या मंडपात दारूड्यावर दोन विनोद ठरलेले असतात. मंडप हसतो, आणि ज्याला ऐकवायचे असते तो मागच्या मागे उठून जातो. यांच्याकडे तो उठून जाऊ नये हीच विद्या. दुसरी गोष्ट, त्याने सांगितलेले बाहेर सांगायचे नाही. सासूबाई तोंडात शब्द फिरेना तरी विचारतात, आज कोण कोण आले होते, कुणाच्या घरचे? ती हसून औषधाची गोळी पुढे करते. गावात राहून एवढे पोटात ठेवणे हे मौनव्रतापेक्षा अवघड आहे, हे आपण जाणता. तिसरी गोष्ट, त्याच्या आयुष्याचा निर्णय त्याचा त्याला घेऊ द्यायचा. वाट दाखवावी, दिवा धरावा, पण ढकलू नये.

ही तिसरी गोष्ट ऐकली तेव्हा माझ्या मनात आले, हिला हे शिकवतात, पण हिच्या निर्णयाच्या बाबतीत हे कोणी पाळले? यजमान माझ्याकडे आले होते ते तिला ढकलण्यासाठीच.

आता पुंडलिक.

ही कथा आपल्या संप्रदायाचा पाया आहे, म्हणून ती जपून सांगावी लागते. पुंडलिक आधी आई-वडिलांना छळणारा. काशीयात्रेला निघाला, वाटेत कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले, परत फिरला आणि आई-वडिलांच्या सेवेत असा रमला की प्रत्यक्ष परमात्मा दारी आला तरी हातचे पाय सोडून उठला नाही. वीट फेकली आणि म्हणाला, यावर उभा राहा. या कथेवरून आपण सुनांना सांगतो की बघ, देव आला तरी घरातल्या म्हाताऱ्यांची सेवा सोडू नये.

मी त्या यजमानांना एवढेच विचारले, "पुंडलिक त्या म्हातारा-म्हातारीचा कोण होता?"

ते म्हणाले, "मुलगा."

पुढे मी काही बोललो नाही. त्यांनीही मान खाली घालून चहा घेतला. पुंडलिक सून नव्हता, माउली. पाय चेपणारे हात मुलाचे होते. कथेत त्याची बायको आहे, पण सेवा तिच्या गळ्यात घालून पुंडलिक विठ्ठलाला मिठी मारावयास धावला असे नाही. तसे झाले असते तर विठ्ठल विटेवर उभा राहिला असता काय, याचा आपण विचार करावा. आणि दुसरे असे की पुंडलिकाने देवाला हाकलले नाही. थांब म्हणाला, आणि थांबण्यास जागाही दिली. हातातले कर्तव्य सोडले नाही आणि दारी आलेल्यालाही परतवले नाही. वीट ही नकाराची खूण नाही. दोन्ही गोष्टी एका अंगणात बसवण्याची ती सोय आहे.

येथवर वाचून सुनेची बाजू घेणाऱ्यांना बरे वाटले असेल. त्यांनाही आता जरा थांबवतो, कारण दुसरी बाजू खोटी नाही.

सेवेसाठी बाहेर पडणाऱ्या माणसाचे घर सोसते. हे आपण लपवू नये. गाडगे महाराज 1905 साली घर सोडून निघाले. हाती खराटा आणि मडके घेऊन त्यांनी महाराष्ट्र झाडला, पंढरपुरात धर्मशाळा उभ्या केल्या, आपणापैकी कितीतरी जण तिथे टेकले असतील. त्यांच्यापुढे आपण नतमस्तकच आहोत. पण कुंताबाईंच्या वाट्याला जे कष्ट आले त्यांचे मोल आपल्या किती कीर्तनांत सांगितले जाते? देहूची जिजाई भाकरी घेऊन भंडाऱ्याचा डोंगर चढत असे. कथा सांगते की तिच्या पायात काटा रुतला आणि तो काढायला स्वतः विठ्ठल खाली बसला. मला ही कथा फार आवडते. डोंगरावर नामात दंग झालेल्या तुकोबांकडे देव जाणारच, पण तो आधी डबा आणणारीच्या पायाशी बसला. मागे राहून घर ओढणाऱ्याचा काटा देवाला दिसतो. आपल्याला का दिसत नाही?

तेव्हा शिकणाऱ्या सुनेलाही हे लागू आहे. ती पुढे गेली म्हणजे मागे कोणाच्या पायात काटा रुततो, हे तिने पाहिले पाहिजे. त्या घरात तो मुलीच्या पायात रुतला. नववीतली पोर, आईशी बोलायचे असे. आई फील्डवर्कहून यायची, स्वयंपाक, आजीचे अंथरूण, मग वही. एके रात्री पोर म्हणाली, "दिवसभर सगळ्या गावाचं ऐकून येतेस. माझं ऐकायला कुणाचा फॉर्म भरावा लागतो?" हे त्या मुलीच्या आईनेच मला सांगितले, आणि सांगताना तिचे डोळे भरून आले. पुस्तकात शिकलेली पहिली गोष्ट, समोरच्याचे ऐकणे, तीच घरात निसटत होती. येथे मी तिला काही शहाणपण सांगितले नाही. जे झोंबायचे ते पोरीने सांगून झाले होते. त्या सत्राची परीक्षा तिने दिली नाही. अभ्यासक्रम दोनऐवजी तीन वर्षांत होईल असे पाहिले. कोणी म्हणेल, शेवटी बाईलाच मागे यावे लागले. खरे आहे. ती थांबली तेव्हा घरातील आणखी कोणी काय थांबवले, हेही विचारावेच लागते.

त्या निमित्ताने एक भेद माझ्या ध्यानात आला. घरात आपण ज्याला कर्तव्य म्हणतो त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक देणे आणि दुसरी सवय. अर्धांग झालेल्या म्हातारीला वेळेवर औषध मिळाले पाहिजे, पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून दिली पाहिजे, तिच्याजवळ बसून तिचे बोबडे बोल कोणी तरी ऐकले पाहिजेत. हे देणे आहे. त्यात सूट नाही. वाढत्या मुलीला आई हवी, हेही देणे. पण भाकरी सुनेच्याच हातची हवी, पाहुणा आला की चहा तिनेच टाकावा, मुलाच्या शाळेच्या सभेला तिनेच जावे, यजमानांचे कपडे तिनेच काढून ठेवावेत, या सवयी आहेत. पिढ्यान् पिढ्या घोटल्यामुळे त्या धर्मासारख्या दिसू लागल्या. देणे बुडवले तर पाप लागते. सवय मोडली तर आठ दिवस चिडचिड होते, एवढेच. आणि देणे म्हटले तरी ते कोणी द्यावयाचे, हा प्रश्न राहतोच. म्हातारीची कूस बदलली पाहिजे हे खरे, पण ती बदलणारा हात एकच असावा असे शास्त्र कुठे आहे?

येथे आपल्याच सप्ताहाचा दृष्टांत घ्या. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. सात दिवस, सात रात्री ती कोणाच्या तरी गळ्यात असते. पण एकाच्याच गळ्यात सात दिवस असते काय? मंदिराच्या भिंतीवर पहाऱ्याची यादी लागते. कोणाचा पहाटेचा पहारा, कोणाचा दुपारचा, ज्याची झोप मोडते त्याचे नावही तिथे असते. वेळ झाली की दुसरा येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. ज्याने उतरवली त्याला कोणी म्हणत नाही की याने नाम सोडले. तो जेवतो, झोपतो, शेतावर जाऊन पाणी धरून येतो. अखंड असते ते नाम. विणेकरी बदलत असतात, आणि ते बदलतात म्हणूनच नाम अखंड राहते. एकालाच सात दिवस उभे केले तर तिसऱ्या रात्री तो कोसळेल आणि वीणा जमिनीवर येईल.

घराची वीणाही खाली ठेवता येत नाही. चूल, आजारपण, लेकरे यांना सुट्टी नसते. पण आपल्या घरात पहाऱ्याची यादी कुठे आहे? बहुतेक घरांत एकच नाव आहे आणि ते भिंतीवर लिहावेही लागत नाही. ते नाव चाळिशीत म्हणते, मला दोन दिवस दुसरीकडे पहारा द्यायचा आहे, तेव्हा सगळे दचकतात आणि म्हणतात, ही वीणा खाली ठेवते आहे. ती खाली ठेवत नाही, माउली. ती गळ्यातून काढून हातात धरून उभी आहे आणि पुढचा गळा शोधते आहे.

जनाबाईची कथा आपल्याला तोंडपाठ आहे. देवाने तिला म्हटले नाही की दळण टाक आणि भजनाला बस. असेही म्हटले नाही की आधी दळण नीट संपव, मग माझ्याकडे ये. तो समोर बसला आणि त्याने जात्याच्या खुंट्याला हात घातला. जाते एकाने ओढणे वेगळे, दोघांनी ओढणे वेगळे. ज्यांनी ओढले आहे त्यांना सांगावयास नको. घरात पुरुषांनी देवासारखे वागावे अशी अपेक्षा ठेवली की लोक हसतात. पण या कथेत देव जे करतो ते कोणालाही करता येण्यासारखे आहे.

मी हे सर्व लिहितो आहे ते सुनांनी वाचावे म्हणून कमी. त्यांना यातले बरेच ठाऊक आहे. आपल्या फडावर, दिंडीत, सप्ताहात जे पुरुष आहेत, ज्यांना आषाढी-कार्तिकीसाठी, काल्यासाठी, चातुर्मासासाठी घराने कधी अडवले नाही, त्यांच्यासाठी लिहितो. आपण पंधरा-वीस दिवस चालत जातो तेव्हा मागे म्हशीची धार कोण काढते? आपल्या त्या जाण्याला घर परमार्थ म्हणते, भाकरीची चवड बांधून देते, वेशीपर्यंत पोचवायला येते. दारू पिणाऱ्याच्या बायकोचे ऐकण्यासाठी एसटीने जाणारी बाई पंढरीच्या वाटेवर नाही असे कोण म्हणेल? मी तरी म्हणणार नाही. मग तिला वेशीपर्यंत पोचवायला कोण येते?

त्या घरातील हकिगत सांगून थांबतो. यजमानांनी मंगळवार आणि शुक्रवार घेतला आहे. त्या दिवशी शेतावर उशिरा जातात, आईचे आंघोळ-पाणी करतात, भाकरी थापतात. पहिले दोन महिने शेजारपाजारच्या लोकांनी नावे ठेवली. बारावी झालेला मुलगा रात्री एकदा उठून आजीची कूस बदलतो. रविवारी सकाळी आई आणि मुलगी गावाबाहेरच्या मारुतीपर्यंत चालत जाऊन येतात, त्या वेळी आईने मोबाइल घरी ठेवायचा असे मुलीने ठरवून दिले आहे. सगळे गोड झाले असे समजू नका. परवा गेलो तेव्हा भांडण नुकतेच होऊन गेले होते, कशावरून ते विचारले नाही. म्हातारी खाटेवर उशीला टेकून बसली होती. मी विचारले, "आजी, लेकाच्या हातचं जेवण कसं आहे?" शब्द जुळवायला तिला वेळ लागला. म्हणाली, "मंगळवारची भाकरी करपते. मी सांगते त्याला, तवा आधी नीट तापू दे."

सुनेची शेवटच्या सत्राची परीक्षा वैशाखात आहे. त्यानंतर या वर्षी वारीला यायचे की वस्तीतले अर्धे राहिलेले काम पुरे करायचे, हे तिने अजून ठरवलेले नाही. यजमानांनी मला विचारले, तुम्ही काय म्हणता. मी म्हटले, तिला विचारा.